घोड्याच्या बुटावरचे दावे आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

पेट झाली असेल, कोर्सवर्क सुरू असेल किंवा सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर आली असेल, तर ‘लिटरेचरचा क्रिटिकल रिव्ह्यू करा’ हे वाक्य तुम्ही एव्हाना बरेचदा ऐकलं असणार. तो करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र सहसा कुणी बसून सांगत नाही. मग आपण पंधरा पेपर वाचतो, प्रत्येकाचा चार-चार ओळींत सारांश लिहितो आणि त्यालाच रिव्ह्यू म्हणतो. गाईड विचारतात, “हे सगळे काय म्हणतात ते कळलं. पण यातलं पटण्यासारखं किती?” इथे आपली गाडी अडते.

आज एक छोटा विषय घेऊन हे प्रत्यक्ष करून बघू. विषय आहे अनवाणी, म्हणजे नाल न ठोकलेल्या, घोड्यांच्या खुरांना घालायचे संरक्षक बूट. हा विषय मुद्दाम निवडलाय. एक तर यावरचं संशोधन इतकं थोडं आहे की मनावर घेतलं तर महिनाभरात वाचून होईल. दुसरं, यावर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या घोडेवाल्यांमध्ये सरळ दोन तट आहेत आणि दोघंही ‘विज्ञान आमच्या बाजूने आहे’ असं म्हणतात. तिसरं, तुमच्यापैकी बहुतेकांचा यात जीव अडकलेला नाही, त्यामुळे युक्तिवादातल्या फटी पटकन दिसतील. आणि हा नुसता बौद्धिक खेळही नाही. इथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत मोजतो तो घोडा, आणि त्याला ‘दुखतंय’ असं सांगता येत नाही.

आधी खूर, मग बूट

घोड्याचा खूर म्हणजे एका बोटाचं भलंमोठं नख, असं ढोबळमानाने समजा. बाहेरची टणक भिंत केराटिनची असते आणि ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. आत खुराचं हाड असतं. ते भिंतीच्या आतल्या बाजूला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं. या पापुद्र्यांना इजा झाली, त्यांची पकड सुटायला लागली, की त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो अतिशय वेदनादायक असतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खुराच्या खालच्या बाजूला तळवा असतो आणि तळव्याच्या मागच्या भागात रबरासारखा लवचिक त्रिकोण असतो, त्याला फ्रॉग म्हणतात.

मऊ कुरणात राहणारा घोडा खडीच्या रस्त्यावर नेला की दोन गोष्टी होऊ शकतात. भिंत वाढते त्यापेक्षा जास्त झिजते, किंवा तळव्याला खडे टोचून तो दुखावतो. यावर जुना उपाय म्हणजे लोखंडी नाल. आपल्याकडे तर मराठेशाहीत मोहिमेआधी स्वारांना घोड्यांच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाच ‘नालबंदी’ म्हणत. खुराचा खर्च हा फौजेच्या हिशेबातला ठळक खर्च होता, हे त्या एका शब्दावरून कळतं.

बूट हा दुसरा उपाय. स्वारीपुरता चढवायचा, आल्यावर काढायचा. कल्पना नवी नाही. रोमन काळातल्या, खुराला दोरी-पट्ट्याने बांधायच्या धातूच्या ‘हिप्पोसँडल’ युरोपातल्या उत्खननांत सापडल्या आहेत. आजच्या अर्थाने वापरला जाणारा बूट मात्र १९७० च्या सुमाराला अमेरिकेत ‘ईझीबूट’ या नावाने आला. आता कॅव्हालो, रेनेगेड, स्कूट बूट असे अनेक ब्रँड आहेत. ढोबळ प्रकार तीन: पट्ट्यांनी बांधायचे स्वारीचे बूट, खुराला चिकटवायची कवचं, आणि आजारी घोड्यासाठी जाड गादीचे उपचाराचे बूट.

आता या बुटांच्या बाजूने केले जाणारे दावे एकेक करून तपासू.

दावा पहिला: ‘निसर्गात घोडा अनवाणीच असतो’

हा सगळ्यात लोकप्रिय दावा. याला बळ मिळालं ते जेमी जॅक्सन यांच्या ‘द नॅचरल हॉर्स’ या १९९२ च्या पुस्तकाने. जॅक्सन स्वतः नालबंद होते. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन भागातल्या रानटी घोड्यांचे खूर त्यांनी पाहिले आणि ते पाळीव घोड्यांसाठी नमुना म्हणून मांडले.

पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ब्रायन हॅम्पसन, ख्रिस पॉलिट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या रानटी घोड्यांच्या, म्हणजे ब्रंबींच्या, खुरांचा पद्धतशीर अभ्यास केला. पाच वेगवेगळ्या प्रदेशांतून प्रत्येकी २०, असे १०० घोडे. प्रत्येकाचा पुढचा डावा खूर. २०१३ साली हे काम प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की १०० खुरांमध्ये मिळून ३७७ दोष सापडले आणि पूर्ण निर्दोष खूर निघाले फक्त तीन. ज्या तीन कळपांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, त्यांत जुन्या लॅमिनायटिसचं प्रमाण ४० ते ९३ टक्के होतं. शिवाय खुराचा आकार प्रदेशाप्रमाणे बदलत होता. जमीन किती कडक आणि घोडे किती चालतात, याच्याशी त्याचा संबंध दिसला.

आता थांबा. इथे बहुतेक विद्यार्थी लिहितात, ‘म्हणजे जॅक्सन चूक, हॅम्पसन बरोबर’. हा रिव्ह्यू झाला नाही, हा सामन्याचा निकाल झाला. दोन प्रश्न विचारा. एक, ‘दोष’ कशाला म्हटलंय? पाळीव घोड्याच्या आदर्श खुराशी तुलना करून एखादी फाकलेली भिंत दोष म्हणून मोजली असेल, तर तो दोष त्या घोड्याला दुखत होता का, हे त्या मोजणीतून कळत नाही. दोन, नमुना कुठला? ग्रेट बेसिनचे घोडे आणि ऑस्ट्रेलियातले पाच कळप वेगळ्या जमिनीवर वाढलेले आहेत. इतकं मात्र नक्की म्हणता येतं की ‘रानटी खूर म्हणजे निरोगी खूर’ हे गृहीत धरून चालत नाही, ते प्रत्येक ठिकाणी दाखवावं लागतं.

तिसरी गोष्ट चालण्याची. याच गटाने घोड्यांना जीपीएस लावून मोजमाप केलं. रानटी घोडे दिवसाला सरासरी १६ किलोमीटरच्या आसपास चालत होते, तर १६ हेक्टरच्या ऐसपैस कुरणातले पाळीव घोडे सात किलोमीटरच्या आसपास. तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याचा तर विचारच नको. त्यामुळे ज्याच्याशी तुलना करायची, तो नमुनाच आपल्या घोड्याच्या आयुष्याशी जुळत नाही.

आणि सगळ्यात गमतीची फट ही की हा दावा खरा ठरला, तरी त्याने बुटाची बाजू बळकट होत नाही! पॉलियुरेथेनचा तळ आणि वेल्क्रोची पट्टी यांत नैसर्गिक काय आहे? ‘नैसर्गिक’ हाच निकष असेल, तर नालेबरोबर बूटही बाद होतो. बुटाचं समर्थन वेगळ्या मुद्द्यावर करावं लागतं: तो काढता येतो, खिळे लागत नाहीत, उरलेल्या वेळात खूर मोकळा राहतो. हा मुद्दा चांगला आहे. पण तो सोयीचा मुद्दा आहे, निसर्गाचा नाही.

दावा दुसरा: ‘नालेने रक्ताभिसरण अडतं, बुटाने नाही’

याचा उगम सहसा रॉबर्ट बोकर यांच्या कामात दाखवला जातो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले हे शरीररचनातज्ज्ञ. १९९८ च्या त्यांच्या प्रसिद्ध पेपरमध्ये खुराच्या मागच्या भागातली कूर्चा, तिथली मऊ उशी आणि रक्तवाहिन्यांचं जाळं यांचा अभ्यास आहे. त्यावरून त्यांनी असं सुचवलं की पाऊल टेकताना रक्त या बारीक वाहिन्यांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा त्यात जिरते. गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरमधल्या तेलासारखं काहीतरी.

त्या पेपरच्या शीर्षकातच ‘हायपोथेसिस’ हा शब्द आहे. लेखक प्रामाणिक आहे, तो गृहीतक मांडतोय. पण हाच विचार पुस्तकं, कार्यशाळा, जाहिराती असा प्रवास करत गेला आणि वाटेत ‘हायपोथेसिस’ हा शब्द गळून पडला. शेवटी उरलं ते ‘खूर म्हणजे घोड्याचं आणखी एक हृदय, आणि नाल ते बंद पाडते’. तुमच्या विषयातही असं झालेलं असणार. कुणाच्या तरी ‘शक्यता आहे’चं दहा वर्षांनी ‘सिद्ध झालं आहे’ होतं. म्हणून मूळ पेपर काढून वाचायचा. निदान शीर्षक तरी!

आता समजा गृहीतक पूर्ण खरं आहे. तरी ‘नाल अडवते’पासून ‘बूट अडवत नाही’पर्यंतची उडी वेगळीच आहे. बुटाच्या आत फ्रॉगला खालून टेकू मिळतो की नाही, हे बुटाचा तळ, आत गादी आहे का, आणि बूट मापाचा आहे का यावर ठरतं. टाचेला घट्ट आवळलेला बूट खुराला मोकळं सोडतो, हे कुठून आलं?

असाच आणखी एक पेपर पुढे केला जातो. २०११ साली हिलरी क्लेटन, बोकर आणि सहकाऱ्यांनी अनवाणी पद्धतीने खूर तासण्याचा परिणाम पाहिला. सात घोडे, दर सहा आठवड्यांनी तासणी, एकूण १६ महिने. टाचेच्या कोनात आणि आकारात सुधारणा दिसली. काम नीटनेटकं आहे. पण घोडे सातच आहेत, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या खुराशी केलेली आहे. त्या काळात ऋतू बदलले, जमीन ओली-सुकी झाली, याचा वाटा वेगळा काढता येत नाही. आणि मुख्य म्हणजे हा पेपर तासणीवर आहे, बुटावर नाही. तासणीचं श्रेय बुटाच्या खात्यावर जमा करणं ही हिशेबातली चूक आहे, आणि ती इतक्या सहज होते की वाचताना कळतही नाही.

दावा तिसरा: ‘शंभर मैलांची शर्यत बुटांवर जिंकली आहे’

कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही घोडेस्वारीची एका दिवसात शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, पार करण्याची शर्यत. १९५५ पासून चालू आहे. सिएरा नेवाडाचे दगडी उतार, दऱ्यांतला उन्हाळा आणि २४ तासांची मर्यादा. सुरुवात करणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा शेवटपर्यंत पोचतच नाही. २०१२ साली ही शर्यत जिंकणाऱ्या घोड्याच्या खुरांवर लोखंडी नाल नव्हती, चिकटवलेले बूट होते.

हा पुरावा भक्कम आहे की नाही? हो, पण एकाच गोष्टीचा: हे शक्य आहे. ‘बुटांवर एवढ्या अंतराची स्वारी होऊच शकत नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर एक उदाहरण त्याला खोटं पाडायला पुरतं. पण ‘बूट नालेपेक्षा चांगले’ हे एका विजयाने सिद्ध होत नाही. त्यासाठी बूट घालून किती निघाले, किती पोचले, नाल ठोकून किती निघाले, किती पोचले, आणि दोन्ही गटांतले स्वार व घोडे सारख्या तयारीचे होते का, हे लागेल.

आणखी दोन बारकावे. एक, जिंकणारे स्वार गॅरेट फोर्ड हे बूट बनवणाऱ्या ईझीकेअर कंपनीचे प्रमुख होते. यात लबाडी काही नाही, उलट स्वतःचा माल स्वतःच्या घोड्यावर वापरणारा माणूस म्हणून कौतुकच आहे. पण त्यांच्याइतक्या सफाईने बूट बसवणारे हात तुमच्याकडे असतील का? दोन, ती चिकटवलेली कवचं होती. दुकानातून पट्ट्यांचा बूट आणणाऱ्याला त्या विजयाचा दाखला लागू पडतोच असं नाही. ‘बूट’ या एका शब्दाखाली तीन वेगळी साधनं लपली आहेत, हे आपण वर पाहिलंच.

बूट वाईट, की माप चुकलं?

आता उलट बाजू. बुटांच्या विरोधातली नेहमीची तक्रार: ‘घेतला, दोनदा चढवला, चिखलात निघून गेला, टाच सोलवटली. भंगार माल.’ ही तक्रार पुरावा म्हणून तपासायची, तर बूट निवडतात आणि वापरतात कसे हे बारकाईने बघावं लागतं. खरं विज्ञान इथे आहे, आणि दोन्ही तट इथूनच घाईघाईने पुढे जातात.

माप घ्यायचं ते रुंदी आणि लांबी असं दोन्ही, आणि खूर नुकताच तासलेला असताना. रुंदी सगळ्यात रुंद जागी. लांबी पुढच्या टोकापासून टाचेचा जो भाग जमिनीवर टेकतो तिथपर्यंत. मागचे मऊ गोळे त्यात धरायचे नाहीत. तेवढ्याने माप बदलतं. आता वर दिलेला आकडा आठवा: खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो. आणि बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात एका मापातून पुढच्या मापात फरक असतो तोही काही मिलिमीटरचाच. म्हणजे तासणीनंतर पाचव्या आठवड्यात मोजलं तर तुम्ही वेगळ्याच मापाच्या खणात जाऊन पडता. मोजणीतली चूक ही वर्गवारीच्या रुंदीइतकीच मोठी असेल, तर वर्गवारीला अर्थ राहत नाही. हे वाक्य तुमच्या मेथडॉलॉजीच्या पेपरलाही उपयोगी पडेल.

पुढचे आणि मागचे खूर सारखे नसतात. पुढचे गोलसर, मागचे निमुळते. डावा-उजवाही अनेकदा वेगळा. घोडा उभा असताना वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून बरेच लोक पुढच्या दोनच खुरांना बूट घालतात. रुंद-आखूड खुराला लांबट साच्याचा बूट कितीही आवळला तरी तो फिरणारच. त्यामुळे ‘कुठला ब्रँड चांगला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या आकाराच्या खुराला, या जमिनीवर, इतक्या तासांसाठी कुठला?’ याला आहे.

बसवल्यावर बूट हाताने पिळून बघतात. खुरावर तो गरगर फिरायला नको. मग थोडा वेळ, वीस-तीस मिनिटं, हाताने धरून साधी चाल, नंतर सपाटीवर दुडकी, मग चढ-उतार. प्रत्येक टप्प्यानंतर बूट काढून बघायचं: केस मोडलेत का, कातडी लालसर आहे का, टाचेला घासतंय का. ओढा ओलांडला की आत वाळू आणि बारीक खडे जातात आणि तेच पुढे कातडी सोलतात. परत आल्यावर बूट काढून धुवायचा, खूर वाळू द्यायचा. पशुवैद्याने सांगितलं नसेल, तर स्वारीचा बूट रात्रभर चढवून ठेवायचा नाही. ओलावा कोंडला की खूर मऊ पडतो आणि फ्रॉग सडायला लागतो.

हे सगळं वाचल्यावर त्या ‘भंगार माल’ तक्रारीकडे परत या. तासणी होऊन किती दिवस झाले होते? लांबी कुठपर्यंत मोजली? पहिल्याच दिवशी किती किलोमीटर नेलं? यांतलं काहीच दिलेलं नसतं. त्यामुळे त्या तक्रारीतून बुटाबद्दल जवळपास काही कळत नाही. आणि तितक्याच न्यायाने ‘पहिल्या दिवसापासून झकास’ या पंचतारांकित अभिप्रायातूनही काही कळत नाही. आपल्या मताच्या विरुद्ध असलेल्या पुराव्याला जी चाळणी लावतो, तीच आपल्या बाजूच्या पुराव्याला लावायची. हे बोलायला सोपं आहे, करायला अवघड.

‘बूट घातला आणि घोडा मोकळा चालायला लागला’

हा दावा मी शेवटी ठेवलाय, कारण इथे खरी जोखीम आहे.

पहिली अडचण, हे बघितलं कुणी? मालकाने, ज्याने नुकतेच पैसे मोजले आहेत. बरं, तज्ज्ञाने बघितलं तर? मिसूरी विद्यापीठातल्या केव्हिन कीगन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हेच तपासलं. १३१ घोडे अनुभवी पशुवैद्यांना स्वतंत्रपणे बघायला दिले. ० ते ५ या श्रेणीवर लंगडण्याची सरासरी १.५ च्या वर असेल, तेव्हा पाय लंगडतोय की नाही यावर त्यांचं ९३.१ टक्के वेळा एकमत झालं. १.५ किंवा त्याखाली, म्हणजे हलकं लंगडणं असताना, फक्त ६१.९ टक्के. ‘हो की नाही’ अशा प्रश्नावर नाणं उडवूनही निम्म्या वेळा एकमत होतं, हे लक्षात घ्या. आणि चाळणी सारखी लावायची म्हटलंय ना? मग हेही नोंदवा की लंगडणं मोजणाऱ्या सेन्सर यंत्रणेच्या विकासात कीगन यांचा स्वतःचा सहभाग आहे. त्याने आकडे खोटे ठरत नाहीत. पण डोळा अपुरा पडतो असं सांगणाऱ्याकडे डोळ्याऐवजी वापरायचं यंत्र आहे, हे वाचकाला माहीत असायला हवं.

बुटाने पडणारा फरक बहुधा याच हलक्या पट्ट्यातला असतो, जिथे अनुभवी डोळेसुद्धा डळमळतात. शिवाय बूट दिसतो, त्यामुळे बघणाऱ्याला आंधळं ठेवता येत नाही. की येतं? पुढचा पाय दुखत असला की घोडा डोकं एका लयीत वर-खाली करतो. मग व्हिडिओ असा कापायचा की चौकटीत खूर येणारच नाहीत, फक्त डोकं आणि मान. बूट घातलेले आणि न घातलेले तुकडे सरमिसळ करायचे आणि बघणाऱ्याला न सांगता गुण द्यायला लावायचे. मोबाईल आणि थोडा संयम एवढ्यावर होण्यासारखं आहे. टापांचा आवाज मात्र बंद करा, नाहीतर त्यावरूनच ओळखू येईल!

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. समजा खरोखरच सुधारणा झाली. बूट घातल्यावर घोडा खडीवर मोकळा चालला. मालक खूश. पण या निरीक्षणाचा अर्थ काय? जाहिरात म्हणते, ‘बूट काम करतो.’ त्याच निरीक्षणाचा दुसरा अर्थ असा: बुटाशिवाय त्याचा तळवा दुखत होता. का दुखत होता? कदाचित नुकतीच नाल काढल्याने तळवा पातळ असेल आणि काही महिन्यांत सुधारेल. कदाचित तासणी जास्त झाली असेल. आणि कदाचित ही लॅमिनायटिसची सुरुवात असेल, जिचा संबंध अनेकदा आहार आणि शरीरातल्या वाढलेल्या इन्सुलिनशी असतो. अशा घोड्याला गादीचा बूट आराम देतो, उपचाराचे बूट त्यासाठीच असतात. पण कारण न शोधता नुसता बूट चढवून रोज स्वारी केली, तर दुखणं झाकलं जातं आणि आतली पकड सुटत राहते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून बुटाने अचानक मोठा फरक पडला, तर तो आनंदाइतकाच चौकशीचाही विषय आहे. पशुवैद्याला बोलवायचं. रिसर्चच्या भाषेत सांगायचं, तर उपचाराला मिळालेला प्रतिसाद हे निदान नसतं. डोकेदुखीची गोळी लागू पडली, म्हणून डोकं का दुखत होतं ते कळत नाही.

मग बाजू कुणाची घ्यायची?

माझं मत सरळ आहे. मधूनमधून खडकाळ जमिनीवर जाणाऱ्या, बाकी वेळ मऊ जमिनीवर राहणाऱ्या आणि नियमित तासणी होणाऱ्या घोड्यासाठी बूट हे समंजस साधन आहे. नाल सरसकट वाईट, असा निष्कर्ष मात्र उपलब्ध पुराव्यातून निघत नाही. बुटाच्या समर्थकांची अडचण अशी की एका चांगल्या, काढता-घालता येणाऱ्या साधनाला त्यांनी तत्त्वज्ञान करून टाकलंय. तत्त्वज्ञानाला माप घ्यावं लागत नाही. बुटाला घ्यावं लागतं.

हा निष्कर्ष कुठेही उचलून लावता येईल का? माथेरानचा विचार करा. मोटारींना बंदी, पर्यटक आणि सामान वाहणारे नाल ठोकलेले घोडे, तांबडी जांभ्याची वाट आणि धो धो पावसाळा. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरात एका दिवसापुरता टिकलेला बूट इथे रोज आठ तास, चार महिने ओला राहिला तर काय होईल? फ्रॉगचं काय, उतारावरच्या पकडीचं काय, आणि तुटलेली पट्टी मिळणार कुठून? पशुवैद्यक शाखेतला कुणी हे वाचत असेल तर सिनॉप्सिससाठी हा प्रश्न वाईट नाही. फक्त ‘बूट उपयुक्त आहेत हे सिद्ध करणे’ असं ऑब्जेक्टिव्ह लिहू नका. उत्तर आधीच ठरलं असेल तर संशोधन कशाला?

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा एक दावा घ्या आणि एका पानावर एवढंच लिहा. हा दावा कशाच्या तुलनेत आहे? मूळ पेपरमध्ये तो इतक्याच ठामपणे केलेला आहे का? एका गोष्टीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर तर जमा झालेला नाही ना? परिणाम मोजला कुणी, आणि त्याला निकालात रस होता का? आणि सुधारणा दिसली असेल, तर तिचा दुसरा कुठला अर्थ लागू शकतो? पाचही उत्तरं लिहून झाली की गाईडकडे जा. ‘यातलं पटण्यासारखं किती?’ या प्रश्नावर तुमच्याकडे निदान एक पान तरी असेल.